गर्दी आधी की मैदान?

"मॅडम, मुलींची मॅच बघायला येतं कोण?"

मागच्या महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न विचारला गेला. विचारणारे सर वाईट माणूस नाहीत. मुलांना जीव लावून शिकवतात, गरिबाघरच्या पोरांची फी गुपचूप भरतात. झालं इतकंच, की शाळेच्या मैदानावर मुलींचा खो-खोचा सराव ठरला होता. आयत्या वेळी मुलांची क्रिकेटची मॅच आली आणि मुलींना निरोप गेला, आज वर्गातच बसा. मी म्हटलं, "सर, हा तिसरा आठवडा." त्यावर हा प्रश्न आला. वर ते म्हणाले, "लोक येत असते तर आम्हीच मांडव घातला असता." सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली.

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही, ते आज देते. जरा लांबून देते, कारण हाच प्रश्न एका दूरच्या देशाने पन्नास वर्षं विचारून पाहिला आहे आणि त्याचं उत्तर तिथल्या बायकांनी मैदानावर दिलं आहे. तो देश आयर्लंड.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईचा आयर्लंडशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध २०२० च्या बकरी ईदचा. करोनामुळे आपल्याकडचे ईदगाह बंद होते. आम्ही घराच्या हॉलमध्ये चादरी अंथरून नमाज पढलो. आपल्या ईदच्या आदल्या दिवशी, ३१ जुलैला, डब्लिन शहरातल्या क्रोक पार्क नावाच्या मैदानात सुमारे २०० मुसलमानांनी अंतर राखून ईदची नमाज अदा केली. हिरव्यागार गवतावर लांब-लांब अंथरलेल्या जानमाज आणि भोवती ऐंशी हजारांहून जास्त माणसं मावतील अशा रिकाम्या खुर्च्या. तो फोटो आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. लोक 'माशाअल्लाह' लिहून पुढे गेले. मला मात्र शिक्षकी खोड. हे मैदान कुणाचं, इथे एरवी काय खेळतात, हे शोधत बसले. आणि शोधता शोधता पोचले तिथल्या महिला गेलिक फुटबॉलच्या अखिल आयर्लंड स्पर्धेपाशी.

आधी खेळ थोडक्यात सांगते. गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा आपला खेळ. एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातातही धरता येतो आणि पायानेही मारता येतो, पण धरून चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. मध्ये तो जमिनीवर आपटावा लागतो, नाहीतर पायाच्या बोटांवरून उडवून परत हातात घ्यावा लागतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून गेला तर साधारणपणे एक गुण. गुणफलकात गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात. २-३ म्हणजे दोन गोल आणि तीन गुण, एकूण नऊ.

हा खेळ चालवणारी संस्था म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातल्या थर्लस गावी, हेज हॉटेलात तिची स्थापना झाली. तिचे एक संस्थापक मायकल क्युसॅक हे शिक्षक होते. इंग्रजांच्या राज्यात आपले खेळ, आपली भाषा, आपली ओळख टिकवायची, हा त्यामागचा विचार. म्हणून तिथे हा खेळ नुसता करमणुकीचा राहिला नाही. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कमध्ये सामना चालू असताना इंग्रजांच्या हत्यारी दलांनी गोळीबार केला. त्यात १४ माणसं मेली. त्यांतला एक टिपररीचा खेळाडू मायकल होगन. आजही मैदानाच्या एका बाजूच्या प्रेक्षागाराला त्याचं नाव आहे. म्हणजे त्या लोकांसाठी हे मैदान स्वातंत्र्याच्या इतिहासाचं पान आहे.

आणि या पानावर बायका कुठे होत्या? १८८४ पासून पुढची नव्वद वर्षं बायकांसाठी या खेळाची राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती.

तो देश तेव्हा बायकांना कसा वागवत होता, हेही सांगते. नाहीतर कुणीतरी म्हणेल, ते गोऱ्या लोकांचं काय, ते पहिल्यापासून पुढारलेले. आयर्लंडमध्ये प्राथमिक शिक्षिकेचं लग्न झालं की नोकरी सोडावी लागे. हा नियम १९३४ मध्ये आला आणि १९५८ पर्यंत राहिला. सरकारी कचेऱ्यांतल्या बायकांसाठी तर तो १९७३ पर्यंत होता. मी बी.एड. झाले, लग्न झालं, दोन मुलं झाली आणि मी शिकवतेच आहे. माझ्या आईच्या वयाच्या आयरिश कारकून बाईला हे नशीब नव्हतं. तेव्हा पुढारलेपणाच्या गप्पा नकोत.

हा नियम उठला आणि पुढल्याच वर्षी, १८ जुलै १९७४ रोजी, त्याच थर्लस गावात, त्याच हेज हॉटेलात महिला गेलिक फुटबॉल संघटनेची स्थापना झाली. बैठकीला किती परगणे होते? चार. ऑफली, केरी, टिपररी आणि गॉलवे. त्याच वर्षी पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा झाली. तिच्यात आठ परगण्यांचे संघ उतरले. अंतिम सामना क्रोक पार्कात नव्हे, लीश परगण्यातल्या डरो या लहानशा गावी झाला. टिपररीने ऑफलीला २-३ विरुद्ध २-२ असं हरवलं. अवघ्या एका गुणाने! आणि विजेत्यांना जो करंडक दिला गेला, तो ऑफलीच्या ब्रेंडन मार्टिन नावाच्या कार्यकर्त्याने स्वतःच्या खिशातून घेतला होता. आजही त्या करंडकाला त्याचंच नाव आहे.

सर, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच आहे. त्या दिवशी कोण येणार, किती येणार, हे ब्रेंडन मार्टिनला ठाऊक नव्हतं. गर्दी जमली तर करंडक आणू, असं तो म्हणाला असता तर ना करंडक आला असता ना गर्दी. त्याने आधी करंडक आणला.

मग काय झालं? मुख्य संस्थेने या महिला संघटनेला मान्यता दिली १९८२ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. ते वर्ष लक्षात ठेवा. केरी परगण्याच्या पुरुष संघाने त्याआधी सलग चार वेळा अखिल आयर्लंड जिंकली होती. १९८२ मध्ये पाचवी जिंकून इतिहास घडवायचा होता. शेवटच्या मिनिटांत ऑफलीच्या एका गोलाने ते स्वप्न मोडलं. आयर्लंडमध्ये तो गोल अजून सांगितला जातो, त्यावर कार्यक्रम होतात, म्हातारे डोळे पुसतात. आणि त्याच १९८२ साली केरीच्या बायकांनी जिंकायला सुरुवात केली. १९८२ ते १९९०, सलग नऊ वर्षं! पुरुषांची हुकलेली पाचवी आख्यायिका झाली. बायकांनी जिंकलेल्या नऊ किती जणांना माहीत होत्या? तेव्हा 'बघायला येतं कोण' असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारते, तुम्हाला कळवलं होतं कुणी? घडलेली गोष्ट सांगितलीच नाही, तर ती ऐकायला माणसं कुठून यायची?

क्रोक पार्कात महिलांचा अंतिम सामना पहिल्यांदा झाला तो १९८६ मध्ये, केरी विरुद्ध वेक्सफर्ड. स्पर्धा सुरू झाल्यापासून बारा वर्षांनी. बारा वर्षं हा खेळ देशाच्या मुख्य मैदानाबाहेर राहिला आणि तरीही बंद पडला नाही.

आता दुसरा मुद्दा. लोक म्हणतात, बायकांचा खेळ म्हणजे पुरुषांच्या खेळाची पातळ आवृत्ती. १९९७ चा अंतिम सामना बघा, मॉनहन विरुद्ध वॉटरफर्ड. पंचांनी वाया गेलेल्या वेळेपोटी जवळजवळ बारा मिनिटं जास्त खेळवली. मॉनहनने सामना जिंकला आणि वाद पेटला. महिला संघटनेने त्यावर मार्ग काढला. वेळ पंचाच्या मनगटावर ठेवायची नाही, सगळ्यांना दिसेल अशा घड्याळावर ठेवायची. घड्याळ शून्यावर आलं की भोंगा. खेळाडूला, प्रेक्षकाला, पंचाला, सगळ्यांना एकच वेळ. पुरुषांच्या फुटबॉलने भोंग्याची पद्धत कधी घेतली? २०२५ मध्ये. पातळ आवृत्ती कोण, ते आता तुम्हीच ठरवा.

तिसरा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण तो भाषेचा आहे. आयर्लंडमध्ये सगळे इंग्रजी बोलतात. आयरिश ही तिथली पहिली राजभाषा, पण रोजच्या व्यवहारात ती बोलणारे थोडे. त्या भाषेसाठी १९९६ मध्ये एक दूरचित्रवाहिनी सुरू झाली. तिचं आजचं नाव टीजी फोर. तिलाही पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न विचारला गेला असणार, की बघणार कोण? उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि मराठी माणसांच्या सभेत उर्दू, अशी दोन्हीकडे बाजू मांडत माझी वीस वर्षं गेली. हा प्रश्न मला तोंडपाठ आहे. या लहान वाहिनीने २००१ पासून महिलांच्या स्पर्धेला आपलं नाव दिलं, पैसा दिला आणि सामने थेट दाखवायला सुरुवात केली. समालोचन आयरिशमध्ये. ज्यांना भाषा नीट येत नव्हती तेही सामना बघायला बसले, आणि मुलींचे सामने बघता बघता घराघरांत आयरिश शब्द पोचले. दोघींना मोठ्यांच्या पंगतीत पाट नव्हता. दोघींनी एकमेकींना पाट दिला.

आता आकडे सांगते, कारण सरांना आकडे आवडतात. क्रोक पार्कमधल्या महिलांच्या अंतिम सामन्यांचे प्रेक्षक: २०१६ मध्ये ३४,४४५. २०१७ मध्ये ४६,२८६. २०१८ मध्ये ५०,१४१. २०१९ मध्ये डब्लिन विरुद्ध गॉलवे, ५६,११४. छप्पन्न हजार माणसं, सर! मांडव कुठवर घालाल?

ही गर्दी आभाळातून पडली नाही. तिच्यामागे कॉर्क परगण्याच्या बायका होत्या. त्यांनी २००५ ते २०१६ या बारा वर्षांत अकरा वेळा करंडक जिंकला. २०१४ च्या अंतिम सामन्यात त्या डब्लिनपेक्षा दहा गुणांनी मागे होत्या, सामना सरत आला होता, आणि तिथून त्या एका गुणाने जिंकल्या. त्या वर्षी आयर्लंडच्या राष्ट्रीय वाहिनीचा 'वर्षातला सर्वोत्तम संघ' हा मान त्यांना मिळाला. तो मिळवणारा तो पहिला महिला संघ. रीना बकली आणि ब्रीज कॉर्करी या दोघींनी फुटबॉल आणि कमोगी हा बायकांचा काठी-चेंडूचा खेळ, दोन्ही मिळून प्रत्येकी १८ अखिल आयर्लंड पदकं मिळवली. हे सगळं पगाराविना. गेलिक खेळांत पुरुषालाही पगार नसतो. सकाळी नोकरी, संध्याकाळी सराव.

इथे थांबले असते तर ही गोड गोष्ट झाली असती. पण मी गोड गोष्ट सांगायला बसलेली नाही. छप्पन्न हजारांच्या पुढल्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, कॉर्क विरुद्ध गॉलवे असा महिलांचा उपांत्य सामना होता. तो आधी लिमरिकच्या मैदानावर ठरला. मग कळलं, ते मैदान लिमरिकच्या पुरुषांच्या हर्लिंग संघाला सरावासाठी लागणार आहे. सामन्यासाठी नव्हे हं, सरावासाठी! म्हणून सामना डब्लिनच्या एका लहान मैदानावर हलवला. सामन्याच्या दिवशी सकाळी ते मैदान थंडीने गोठलेलं निघालं. मग ऐनवेळी सामना क्रोक पार्कमध्ये नेला, वर वेळही अलीकडे ओढली. गॉलवेच्या मुलींना अंग गरम करायला धड दहा मिनिटंही मिळाली नाहीत. राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना, आणि मुलींना सकाळी माहीत नाही की दुपारी कुठे खेळायचं!

हे वाचलं तेव्हा मला आमचं मैदान दिसलं. ते डब्लिन, हे आमचं तालुक्याचं गाव. तिथे बर्फ, इथे धूळ. वाक्य मात्र एकच: "आज मुलांना हवंय, तुम्ही जरा सरका."

म्हणजे गर्दी आली, तरीही सरकावंच लागलं. मग सरांचं गणित कुठे गेलं? त्यांचं म्हणणं होतं, लोक आले की मान आपोआप मिळतो. आयर्लंडचा अनुभव सांगतो, मान आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो. २०२१ मध्ये सरकारने महिला खेळाडूंचं अनुदान पुरुष खेळाडूंच्या बरोबरीला आणलं. तरी सरावाला येण्या-जाण्याच्या खर्चाचं, डॉक्टरचं, हक्काच्या मैदानाचं काय? पुरुषांच्या परगणा संघांना प्रवासखर्च ठरलेल्या दराने मिळतो. बायका पदरचं पेट्रोल घालून यायच्या. २०२३ च्या उन्हाळ्यात परगण्यांच्या महिला संघांनी जाहीर केलं, की उरलेला मोसम आम्ही निषेध नोंदवून खेळू. खेळणं सोडलं नाही, गप्पही बसल्या नाहीत. आता तिन्ही संघटना, म्हणजे मुख्य संस्था, महिला फुटबॉल आणि कमोगी, एका छताखाली आणण्याचं काम देशाच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीज यांच्याकडे आहे, आणि त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवलं आहे.

यावर एक हुशार आक्षेप येतो. लोक म्हणतात, वेगळी चूल मांडली कुणी? बायकांनीच. मग धूर लागला की तक्रार कशाला? मी विचारते, नव्वद वर्षं ज्या घरात ताट वाढलं गेलं नाही, तिथल्या बाईने वेगळी चूल मांडली तर दोष चुलीचा की घराचा? आणि शेत, विहीर, अंगण सगळं मोठ्या घराकडे. बहुतेक मैदानं मुख्य संस्थेच्या क्लबांच्या आणि परगण्यांच्या ताब्यात. बाईला दर वेळी विचारून पाणी भरायचं. अशा वेगळेपणाला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप: पैसा नाही. खरं आहे, पैसा थोडाच असतो. पण थोडा पैसा आधी कुणाच्या वाट्याला जातो, हे पैसा ठरवत नाही, माणसं ठरवतात. आणि थोडक्यात भागवणाऱ्या मुली एक दिवस निघूनही जातात. मेयो परगण्याची कोरा स्टॉन्टन, चार अखिल आयर्लंड जिंकलेली, २०१८ पासून ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळू लागली. तिच्यामागून कितीतरी आयरिश मुली गेल्या, कारण तिथे खेळण्याचे पैसे मिळतात. मग गावाकडे हळहळतात, आमच्या पोरी गेल्या!

एवढं सगळं सांगून झाल्यावर स्वतःचं सांगितलं नाही तर हा लेख खोटा ठरेल. सरांना बोलणं सोपं आहे. गेली कित्येक वर्षं फेब्रुवारी आला, उर्दूचा पोर्शन राहिला, की मी पी.टी.चा तास मागून घेते. कुणाचा? मुलींचा. मुलांचा मागितला तर ती बाकं वाजवतात, तोंडं वेडीवाकडी करतात. मुली मुकाट्याने वह्या काढतात. मला वाटायचं, किती गुणी पोरी. त्यांच्या गुणीपणाचं मी भाडं घेत होते, हे मला डब्लिनच्या गोठलेल्या मैदानाची बातमी वाचेपर्यंत कळलं नाही. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "टीचर, आमचाच तास का?" मी म्हटलं, "बेटा, तुम्ही समजूतदार आहात ना." ती खाली बसली. तिला आता काय सांगू?

हे करायला मला ना कुठल्या समाजाने सांगितलं होतं ना कुठल्या मौलवींनी. मुस्लिम मुलींच्या खेळाचा विषय निघाला की सगळे बुरख्यावर येऊन थांबतात. आमच्या मुली खेळायच्या कपड्यांत, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, तयार होऊन उभ्या होत्या. त्यांच्या आया डबे देऊन पाठवत होत्या. त्यांना अडवलं ते वेळापत्रकाने, आणि त्या वेळापत्रकावर सही आमच्यासारख्या शिकल्यासवरल्यांची होती.

२०२४ मध्ये केरीच्या बायकांनी पुन्हा करंडक उचलला, १९९३ नंतर पहिल्यांदाच. त्याआधीचे लागोपाठ दोन अंतिम सामने त्या हरल्या होत्या. एकतीस वर्षं त्या परगण्यात कुणीतरी संध्याकाळी दिवे लावून मैदान उघडं ठेवत होतं, म्हणून हे झालं.

तर सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: मुलींची मॅच बघायला कोण येतं हे मला माहीत नाही, कारण आपण अजून ती धड होऊच दिलेली नाही. आधी होऊ द्या. मुख्याध्यापकांना मी लेखी अर्ज दिला आहे. मुलींच्या सरावाचे दोन दिवस वेळापत्रकात शाईने लिहावेत, आणि ते बदलायचे असतील तर कारणही लेखी द्यावं. अर्जाखाली मी आणखी एक ओळ घातली आहे: उर्दूच्या शिक्षिकेला पी.टी.चा तास देऊ नये. अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही.

पुढल्या गुरुवारी साडेतीन वाजता खो-खो आहे. मी जाणार आहे. म्हणजे बघायला येतं कोण, तर निदान एक जण येतं. तुमची खुर्चीही मांडून ठेवते, सर.